इनामदार सरांचा तास

"बाई, हे सात पाठ तुम्ही जत्रेत बसून बघितलेत काय?"

बिरनाळे सरांनी माझी फाईल फिरवून माझ्यापुढे सरकवली आणि एका तारखेवर बोट ठेवलं. अकरा जानेवारी. त्या तारखेची सात पत्रकं होती. सात शिक्षक, सात तासिका, सगळीकडे माझंच अक्षर आणि सगळीकडे 'उत्तम'.

अकरा जानेवारीला काय होतं ते माझ्या लक्षात येईना. रविवार टाळून, सरकारी सुट्ट्या टाळून मी तारखा घातल्या होत्या. कॅलेंडर समोर ठेवूनच बसले होते.

"तुमच्या गावात माझी बहीण दिलीय," सर म्हणाले. "अकरा तारखेला तुमच्या देवीची जत्रा. मी सोता तुमच्या शाळेच्या पटांगणात गाडी लावलीवती. शाळेला कुलूप. आणि तुम्ही त्या दिवशी सातच्या सात तास वर्गात बसून फलकलेखन तपासलंय."

जत्रेची सुट्टी कॅलेंडरात नसते. ती मुख्याध्यापकांच्या अधिकारातली. तेवीस वर्षं त्या गावात नोकरी करून मी गावची जत्राच विसरले होते. त्या दिवशी मी दिवसभर घरी झोपून होते, हे तेव्हा मला आठवलं.

"सर, सगळेच असं करतात," मी म्हणाले. हे काही खोटं नव्हतं. शालेय व्यवस्थापनाच्या त्या पदविकेला आम्ही चाळीसजण होतो. सहकाऱ्यांचे वीस पाठ वर्गात बसून बघायचे, प्रत्येकाचं निरीक्षण पत्रक भरायचं आणि त्यावर शाळेचा शिक्का घ्यायचा, अशी अट होती. चाळीसांपैकी एकानंही वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. पत्रकं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता भरायची असतात, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

"करतात. पण जत्रा टाळून करतात." बिरनाळे सर हसले. अभ्यासकेंद्राचे ते संयोजक. माणूस वाईट नव्हता. मला ग्लासभर पाणी दिलं त्यांनी. "असं करा. सहा पत्रकं तारखा बदलून आणा, मी बघणार न्हाई. पण सातवं खरं आणा. एक पाठ घंटेपासून घंटेपर्यंत बसून बघा आणि दिसलं तेवढंच लिहा. निदान एक तरी. बुधवारी संध्याकाळपर्यंत फाईल माझ्या हातात पायजे. गुरुवारी विद्यापीठात जातीय. न्हाईतर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष मला परवडणारं नव्हतं.

मी तोवर काय काय करून बसले होते ते सांगते. बी.एड. केलं तेव्हा थोरली पोटात होती. शिक्षणशास्त्रातलं एम.ए. बाहेरून केलं, तेव्हा धाकटीला कांजिण्या आल्या होत्या आणि मी तिच्या उशाशी बसून शैक्षणिक मानसशास्त्र पाठ केलं. संगणकाचा कोर्स केला, तोही स्वतःच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली. तो मला "बाई, माऊस सोडा आता" म्हणायचा. वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण, निवड श्रेणीचं प्रशिक्षण, दोन्ही भर मे महिन्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये. सगळी प्रमाणपत्रं एका निळ्या फोल्डरमध्ये होती आणि तो फोल्डर आता मिटत नव्हता. एवढ्या सगळ्यानंतर आमच्या संस्थेनं ठराव केला, की यापुढे मुख्याध्यापक व्हायचं तर व्यवस्थापनाची पदविका हवीच. म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा दर रविवारी एसटीनं तालुक्याला जात होते आणि कॉलेजच्या बाकावर पोरीसारखी बसत होते.

आमचे मुख्याध्यापक मगदूम सर एकतीस मेला निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठता यादीत पहिलं नाव इनामदार सरांचं, दुसरं माझं, तिसरं खोत सरांचं. इनामदार सरांची पदविका दहा वर्षांपूर्वीच झालेली. पण त्यांनी दिवाळीआधी संस्थेला पत्र देऊन टाकलं होतं, की मला हे पद नको. का, ते कुणालाच सांगितलं नाही. मगदूम सर चिडले होते. "मे अखेरपर्यंत त्यांचं मन बदललं तर मला इनामदारच पाहिजेत," असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. राहिले आम्ही दोघं. खोतांची पदविका गेल्या वर्षीच झाली होती आणि ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होते. एकदा ते बसले की मी निवृत्त होईपर्यंत उठणार नव्हते.

लोकांना वाटायचं, बाईंना मोठेपणाची हौस आहे. हौस कसली! माझ्या दोन्ही पोटऱ्यांवरच्या शिरा गाठीगाठीनं वर आल्या होत्या. सहा तास उभं राहून घरी गेले, की पाय परातीत बुडवून बसायचे आणि मग स्वयंपाकाला उभी राहायचे. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. शिक्षकाला हे सांगणं सोपं आहे. आख्ख्या शाळेत दिवसभर बसायची परवानगी एकाच माणसाला होती, आणि मला ती खुर्ची हवी होती. मला ती इतकी हवी होती की तिच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

सोमवारी मी इनामदार सरांना मधल्या सुट्टीत गाठलं. त्यांचाच पाठ निवडण्यात माझा आळस होता, दुसरं काही नाही. आठवी ब वर त्यांचा पाचवा तास आणि माझा तो मोकळा. शिवाय त्यांचा वर्ग शांत. शेवटच्या बाकावर टेकून पस्तीस मिनिटं डोळे मिटता येतील, असा माझा हिशेब होता.

"सर, तुमच्या तासाला बसायचंय मला. पदविकेचं पत्रक आहे."

ते खिडकीशी उभे होते. उंच, सडपातळ, कायम पांढरा शर्ट. गेली दोनतीन वर्षं गावात त्यांच्याबद्दल कुरकुर होती, की इनामदार सर आता रस्त्यात ओळख देत नाहीत, मान वळवून निघून जातात. मलाही त्याचा अनुभव होता.

"कशाला त्रास घेता, बाई?" ते म्हणाले. "मी घटक सांगतो, तुम्ही लिहा की. सगळे तसंच करतात."

"या वेळी खरं बघायचंय."

"मग बुधवारी बघू." आणि ते भिंतीच्या कडेकडेनं निघून गेले.

बुधवार मला चालणार नव्हता. बुधवारी चार वाजताच्या एसटीनं मला फाईल पोचवायची होती. म्हणून मंगळवारी पाचव्या तासाची घंटा झाल्यावर मी न सांगताच आठवी ब च्या मागच्या दारानं आत शिरले. मुलं उठायला लागली, तशी मी हातानंच बसा म्हटलं. सर फळ्याकडून वर्गाकडे वळले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि काही न बोलता परत वळले. मला रागच आला. बुधवार सांगितला असताना मंगळवारी आले म्हणून एवढं? मी शेवटच्या बाकावर बसले, चपला काढल्या, पत्रक मांडीवर घेतलं.

इनामदार सरांचा नकाशा आमच्या तालुक्यात प्रसिद्ध होता. खडू एकदा फळ्याला टेकला, की न उचलता आख्खा भारत. त्या दिवशीही त्यांनी डावा तळवा फळ्यावर पसरून ठेवला आणि उजव्या हातानं कच्छपासून सुरुवात केली. रेषा काश्मीरपर्यंत चढली, आसामात जाऊन वळसा घालून आली, किनाऱ्यानं खाली उतरली. मी पत्रकात लिहिलं, 'फलकलेखन: उत्तम.' ते मी एरवीही लिहिलंच असतं. मग झापड यायला लागली.

"आता द्वीपकल्पावरच्या नद्या," सर म्हणाले. "खडू चाललाय बघा. थांबवा मला. नर्मदा कुठनं निघते?"

खडू नकाशाच्या पोटातून हळूहळू सरकायला लागला. आणि एका जागी पोचल्याबरोबर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "इथून!"

मी दचकून जागी झाले. खडू थांबला होता, अगदी अमरकंटकावर. मग सरांनी तिथून पश्चिमेला रेषा ओढली, आणि ती खंबातच्या आखाताशी आली तेव्हा मुलं म्हणाली, "पोचली!" मला मौज वाटली. तेवीस वर्षं विज्ञान शिकवून मला असला खेळ कधी सुचला नव्हता. मी पुढचा रकाना भरला, 'विद्यार्थ्यांचा सहभाग: उत्कृष्ट.' या वेळी ते मनापासून लिहिलं.

एवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, शेजारणीकडे बघितलं, आणि उभी राहून जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "सर, आवटी बाई आल्यात. तास बघायला बसल्यात."

सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ते हसले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "या, या बाई. बसा."

त्यांनी नमस्कार केला तो पुढच्या दाराला. त्या दारात कुणीही नव्हतं. वर्गातलं एकही पोर हसलं नाही.

माझी झोप कुठल्या कुठे गेली. आठवीतली पंचेचाळीस पोरं. माझ्या साडीचा काठ उलटा असला तरी तासभर खुसखुसतात. ती सगळी ताठ बसून माझ्याकडे चोरून बघत होती. ओळख न देणं, भिंतीच्या कडेनं चालणं, मस्टरवर सही करताना "कुठं रे?" असं गमतीनं विचारणं, आणि शिपायानं त्यांचं बोट धरून रकान्यावर ठेवणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही त्याला शिष्टपणा म्हणत होतो.

सर वळले. त्यांनी तळव्यानं फळ्याची कड चाचपली. "हं. गोदावरी. खडू चाललाय. थांबवा मला."

खडू सह्याद्रीवरून खाली सरकायला लागला आणि वर्ग गप्प. माझ्या धाकानं कुणी तोंड उघडेना. आपण ओरडलो तर बाईंना कळेल, असं त्यांना वाटलं असणार. खडू नाशिक ओलांडून गेला. पुणं गेलं. "कोण सांगतंय?" ते म्हणाले. "अरे, थांबवा की."

खडू कोल्हापूरच्याही खाली गेला. आणि मग तो थांबला आणि पुन्हा वर चढायला लागला, फार हळू.

मला ते सहन झालं नाही. नाशकाशी खडू आला तशी मी शेवटच्या बाकावरून म्हणाले, "इथून, सर."

ते थांबले. पाठ माझ्याकडेच होती. मग त्यांनी पूर्वेला रेषा ओढली आणि ती समुद्राशी पोचली, तेव्हा दोनचार पोरं हळूच म्हणाली, "पोचली." पुढे कृष्णा आली, आमची स्वतःची नदी. महाबळेश्वरापाशी आख्खा वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातून खोत सर डोकावून गेले.

पाण्याच्या सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं टाकीकडे पळाली. सर व्हरांड्यात खांबाला हात लावून उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाईच ना? तुमच्या चपलांचा आवाज ओळखतो मी. पाय ओढून चालता अलीकडं."

"किती दिवस झाले, सर?"

"काचबिंदू. चार वर्षं. डावा गेलाच. उजव्यात रुपयाएवढं भोक राहिलंय, त्यातनं दिसेल तेवढं." ते अगदी साधेपणानं सांगत होते, जसं काही घराला ओल आलीय. "पेपर आमची मंडळी वाचून दाखवते, मी गुण सांगतो, ती घालते. पोरांना मी कधी सांगितलं नाही. त्यांनीच ओळखलं आणि त्यांनीच हे 'इथून' काढलं. या वर्षीच्या पोरांना गेल्या वर्षीच्यांनी शिकवलंय."

"म्हणून नकार दिलात?"

"मग काय करू? मुख्याध्यापक म्हटल्यावर रोज पन्नास कागद. पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं असतं. मग वैद्यकीय मंडळ, मग अनफिटचा शिक्का, मग घरी. चौदा महिने राहिलेत. भूगोल मला तोंडपाठ आहे, तेवढे निघतील. पण खोटं कशाला बोलू, वाटत होतं हो. एकतीस वर्षं झाली या शाळेत. एक वर्ष का होईना, त्या दारावर आपल्या नावाची पाटी लागावी असं वाटत होतं. मी वीसच्या वीस पाठ खरे बघितले होते, माहितीय? तुमचाही. नववी अ, परावर्तनाचे नियम. तुम्ही घरून आरसा आणला होता, त्याचा कोपरा फुटलेला."

मला आठवलं. दहा वर्षांपूर्वी हा माणूस मागच्या बाकावर बसला होता आणि तास संपल्यावर म्हणाला होता, "बाई, झकास." माझ्या तासाला बसून कुणी असं म्हटल्याची ती एकच वेळ.

"एक विचारू?" सर म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या नव्या अभ्यासक्रमात कायद्याचं पुस्तक आहे म्हणे. आमच्या वेळी नव्हतं. त्यात माझ्यासारख्याचं काही दिलंय का? म्हणजे नोकरीत असताना असं काही झालं तर काय करायचं, असं?"

टाकीजवळ पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. सहाव्या तासाची घंटा व्हायला दोनतीन मिनिटं असतील. माझा तो तास दहावीवर होता, वरच्या मजल्यावर, आणि माझ्या पोटऱ्या आत्ताच ठणकत होत्या.

"नाही हो सर," मी म्हणाले. "तसं काही नाही."

"नसणारच," ते म्हणाले. "तरी म्हटलं विचारावं."

मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाच्या आवाजाच्या रोखानं बघितलं. "फलकलेखनाच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"उत्तम."

"बरं झालं," ते म्हणाले आणि माझ्या दिशेला हात जोडले. "उपकार झाले बाई."

बुधवारी बिरनाळे सरांनी ते पत्रक उभ्या उभ्या दोनदा वाचलं. 'शिक्षक प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी अचूक क्षणी एकमुखाने प्रतिसाद देतात. शिक्षक व विद्यार्थी यांचा परस्परांवर पूर्ण विश्वास दिसतो.' असं मी शेऱ्यात लिहिलं होतं. "बघा," ते म्हणाले, "खरं बघितलं की कसं लगेच कळतंय. हे घरी बसून सुचत न्हाई." आणि त्यांनी सही ठोकली.

एप्रिलात परीक्षा झाली, मेच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला, एक जूनला मी खुर्चीत बसले. पहिल्या दिवशी मी खरोखरच नुसती बसून राहिले. खिडकीतून पटांगण दिसत होतं आणि पाय दुखत नव्हते.

इनामदार सरांना मी त्या वर्षात काही कमी पडू दिलं नाही. त्यांचे सगळे तास तळमजल्यावर घेतले. पर्यवेक्षणाचं काम काढून घेतलं. तपासणीला अधिकारी आले, तेव्हा त्यांना दुसऱ्या वर्गात नेलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. राहिलेल्या महिन्यांतला एक दिवसही त्यांचा वाया जाऊ दिला नाही. त्यांच्या निरोपाच्या दिवशी ते माईकसमोर उभे राहून म्हणाले, "आवटी बाईंनी मला सख्ख्या भावासारखं सांभाळलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं.

गेल्या महिन्यात माझाही निरोप समारंभ झाला. खोत सरांनी माझा परिचय करून दिला. निळ्या फोल्डरमधलं एकेक प्रमाणपत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं. पदविकेपाशी आल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "आणि शालेय कायदा व प्रशासन या विषयात बाई आख्ख्या केंद्रात पहिल्या आल्या होत्या." पहिल्या रांगेत इनामदार सर बसले होते. आता त्यांना काहीच दिसत नाही. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ते वाजवत होते, आणि शेजारी बसलेल्या इनामदार काकूंनी हलकेच त्यांचा हात धरून खाली घेतला.

त्या विषयाचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. एकशे बारावं पान. इनामदार सरांनी व्हरांड्यात विचारलं त्याच्या आदल्या शनिवारीच, डाळ शिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी ते वाचलं होतं आणि लाल पेननं खुणा केल्या होत्या. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही. त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आणि केवळ त्या कारणावरून त्याची पदोन्नती अडवता येत नाही. तिसऱ्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, कारण ते परीक्षेत हमखास येतं असं बिरनाळे सरांनी सांगितलं होतं. मी एवढं वाक्य त्यांना वाचून दाखवलं असतं, तर ते मगदूम सरांकडे गेले असते, नकाराचं पत्र परत घेतलं असतं आणि दारावर वर्षभर त्यांची पाटी लागली असती. त्यांच्यानंतर ती मला मिळालीही असती. मला फक्त एक वर्ष आणखी उभं राहावं लागलं असतं.

आणि परीक्षेत ते आलंच. चौथा प्रश्न, दहा गुण. 'सेवाकाळात अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याचे हक्क सोदाहरण स्पष्ट करा.' मी दीड पान लिहिलं. एकही मुद्दा आठवावा लागला नाही. उदाहरण मी भूगोलाच्या एका शिक्षकाचं दिलं.